वैद्याच्या उंबऱ्यावरची सुपारी

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. तिथलं धुकं महा आळशी, दुपार कलली तरी अंथरूण सोडायचं नाही. त्या धुक्यात एक वैद्य राहायचा, आणि त्याच्या उंबऱ्यावर सुपाऱ्यांनी भरलेली एक परडी असायची.

सुपाऱ्या ओल्या, सालासकट, कोंबडीच्या पहिल्या अंड्याएवढ्या. आलेल्या रोग्यानं परडीतली एक उचलायची, तोंडात धरायची, मगच घरात पाऊल टाकायचं. वैद्य नाडी बघणार, आजार सांगणार, पुडी बांधून देणार. रोग्यानं मागच्या दारानं निघायचं आणि परसात सुपारी थुंकून टाकायची. तोवर तोंडातून अक्षर काढायचं नाही. काढतो म्हटलं तरी निघायचं नाही. एवढी थोरली सुपारी गालात असल्यावर माणूस फार तर 'ऊं' म्हणेल.

वैद्य लबाड नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. मनगटावर त्याची तीन बोटं पडली की आतलं सगळं त्याला कळायचं. कुणाचं पित्त चढलंय, कुणाच्या छातीत कफ बसलाय, कोण काल कुणाशी भांडून रात्रभर जागलाय. लांबलांबचे लोक होड्या करून यायचे. पण हुशार माणसाला एक खोड लागते. समोरच्याचं बोलणं तोंडातून निघायच्या आधीच आपल्याला समजलंय, असं त्याला वाटायला लागतं. वैद्याला ती खोड हाडापर्यंत लागली होती.

"लोकांना बोलू दिलं की ते आजी वारली तिथून सुरुवात करतात," तो म्हणायचा. "पोट दुखतंय एवढं सांगायला यांना तीन पिढ्या लागतात. आणि बोलता बोलता नाडी हलते ती वेगळीच."

गावकरी पाणवठ्यावर हसायचे. "वैद्यबुवांकडे गेलं की आजार बरा होतो, पण जबडा धरतो," असं एकमेकांना सांगायचे. हसायचे आणि पुन्हा त्याच उंबऱ्यावर जाऊन निमूट सुपारी उचलायचे. गुण येत होता ना. गुण येतो तोवर माणूस काहीही तोंडात धरतो.

आता परसाची गोष्ट. इतकी वर्षं थुंकलेल्या त्या सुपाऱ्या वाया गेल्या नाहीत. ओल्या मातीत रुजल्या. त्यांच्या पोफळी झाल्या, सडपातळ, सरळ, एकीला एक लागून. शेंडे धुक्यात गेले ते कुणाला दिसायचे नाहीत. आणि वारा नसला तरी त्या पोफळी सळसळायच्या. सळसळ कसली, कुजबुज म्हणावी अशी. माजघरात दहा बाया हळू आवाजात बोलत बसल्यावर येते तशी.

वैद्याची बायको रोज पहाटे परसात म्हशीची धार काढायची. तिनं नवऱ्याला पुष्कळदा सांगितलं.

"परसात कुणीतरी बोलतं हो."

"वारा आहे."

"वारा 'वैद्यबुवा, वैद्यबुवा' अशी हाक मारत नाही."

"तू म्हशीला पाणी दाखवलंस का?"

"बघा. माझं एक वाक्य पुरं झालं नाही की तुमचं दुसरं सुरू. म्हणून हल्ली मी म्हशीशीच बोलते. ती निदान कान तरी हलवते."

वैद्यानं हे ऐकलं नाही. तो आडुळसा कुटत होता.

त्या गावात एक खारवी होता. गलबत घेऊन दूरच्या बंदराला गेला होता आणि ठरल्या वेळी परतला नव्हता. घरी त्याची म्हातारी आई आणि नवी बायको. बायको काटकुळी, डोळ्यांनी बोलणारी, तोंडानं कमी. ती एक दिवस एकटीच वैद्याच्या उंबऱ्यावर आली. अंगात कणकण होती, चालताना झोक जात होता. पण ती निव्वळ औषधाला आली नव्हती. तिला काहीतरी सांगायचं होतं. घरी सासूजवळ बोलता येत नव्हतं, शेजारणीला सांगावं तर गावभर होणार. निदान वैद्याला सांगावं, असं मनाशी घोकत ती आली होती.

"वैद्यबुवा," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "मला जरा..."

वैद्यानं वर न बघता परडीकडे बोट केलं.

तिनं सुपारी उचलली. तोंडात धरली. आत येऊन हात पुढे केला. वैद्याची बोटं मनगटावर पडली. नाडी बारीक, ऊन, घाईघाईनं चाललेली.

"पोट बिघडलंय," वैद्य म्हणाला. "खाल्लेलं पचत नाही, तेच आत साचून ताप आलाय. लंघन कर. अन्नाचा कण घ्यायचा नाही. नुसतं सुंठीचं पाणी."

पोरीचे डोळे मोठे झाले. ती मान हलवायला लागली. 'ऊं' म्हणाली.

"नकोसंच वाटतं सगळ्यांना लंघन," वैद्य म्हणाला. "जिभेचे लाड फार." आणि जीभ बघायची म्हटली तर तीही त्यानं कित्येक वर्षांत कुणाची बघितली नव्हती. कशी बघणार? तोंडात सुपारी.

पोर मागच्या दारानं गेली. परसात सुपारी थुंकली, पोफळीला धरून क्षणभर उभी राहिली. बोलायचं बळ तिनं येताना गोळा करून आणलं होतं. ते तिथंच संपलं.

काही दिवसांनी तिची सासू आली. वाकलेली, श्वास लागलेला. उंबऱ्यावरूनच म्हणाली, "बुवा, सून उठत नाही हो. मला वाटतं..."

"सुपारी," वैद्य म्हणाला.

"अहो, मला कुठं काय झालंय. मी तिचं सांगायला..."

"घरात यायचं तर सुपारी. रीत सगळ्यांना सारखी."

म्हातारीनं सुपारी घेतली. तोंडात दात चार, त्यात ती सुपारी. लाळ गळायला लागली.

"लंघन मोडलं असणार तिनं," वैद्यानं निकाल दिला. "पोरी चोरून खातात. आता तुम्ही जातीनं लक्ष ठेवा. सुंठीच्या पाण्याखेरीज काही जाऊ देऊ नका पोटात."

म्हातारी जोरजोरानं मान हलवू लागली.

"मान हलवू नका, आजी. या वयात चक्कर येते."

म्हातारी परसात जाऊन रडली. वैद्याच्या बायकोनं ते गोठ्यातून बघितलं. ती तिच्याजवळ पोचेपर्यंत म्हातारी धुक्यात निघूनही गेली होती. बायको घरात आली. हातातलं दुधाचं भांडं खाली ठेवलं, उंबऱ्यावरची परडी उचलली, आणि नवऱ्यापुढे आणून पालथी केली. रिकामीच होती.

"परडी रिकामी झाली. आता तुम्हीच भरा. माझ्या हातून यापुढे एकही सुपारी तिथं पडायची नाही."

"काय झालं काय तुला?"

"विचारलंत होय? लग्नानंतर पहिल्यांदा विचारलंत." ती म्हणाली. "मामंजींच्या वेळी रोगी आधी पोटभर बोलायचा. मग नाडी बघायची तेवढ्यापुरती ते सुपारी द्यायचे, म्हणजे घटकाभर शांत बसावा. रीत ती होती. तुम्ही ती सुपारी उचलून उंबऱ्यावर नेऊन ठेवलीत."

वैद्यानं तोंड उघडलं. पण बायको म्हशीकडे गेली होती.

मग तो परडी घेऊन स्वतः परसात उतरला. किती वर्षांनी उतरला, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. उन्हं कलली होती, पण उन्हाचा नुसता पिवळा रंग तेवढा धुक्यात विरघळला होता. पोफळींची खोडं ओली, पांढुरकी. चार पावलं आत गेला आणि मागे घर दिसेनासं झालं. पायाखाली पडलेल्या सुपाऱ्या वेचायला तो वाकला, तशी डाव्या हाताची पोफळ म्हणाली:

"वैद्यबुवा, दुखतं ते गुडघ्यात नाही. गुडघा मी उगाच धरून आलो. मुलगा बोलत नाही माझ्याशी."

वैद्य ताठ झाला. आवाज काही वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या सुताराचा होता.

"वैद्यबुवा," पलीकडची पोफळ म्हणाली, "ते कडू औषध मी घेत नाही. मला त्याची भीती वाटते. आईला सांगू नका."

"पुडी मधातून घ्या म्हणालात. मध कुठून आणू, ते नाही सांगितलंत."

"तुम्ही म्हणालात, काही नाही, बरं होईल. काही नाही कसं? मला रक्त पडतं."

एकेक पोफळ बोलत होती. रागावून नाही. हळू, ओशाळ्या आवाजात, दारात उभं राहून विचारावं का नको, अशा आवाजात. धुकं त्या आवाजांनी भरून गेलं. वैद्याला सगळे ओळखू आले. कुणाची नाडी कशी होती तेही आठवलं. नाडी बरोबर बघितली होती त्यानं. पण नाडीच्या पुढं एक माणूस बसलेला असतो, तो त्याच्या आठवणीत कुठं नव्हता. चेहरे म्हणून नुसते फुगलेले गाल आठवत होते.

तो घाबरून मागे सरला आणि त्याचा पाय कशाला तरी लागता लागता राहिला. एक कोंब होता. करंगळीएवढा, दोन पात्यांचा, ताजा हिरवा. कोंबही काहीतरी म्हणत होता, पण इतकं बारीक की उभ्यानं ऐकू येईना. वैद्य वाकला. तरी येईना. गुडघ्यावर बसला. शेवटी धोतर, उपरणं, सगळ्यासकट तो त्या चिखलात आडवा झाला आणि कान जमिनीला लावला.

"वैद्यबुवा," कोंब म्हणाला, "घरात सांगता येत नाही म्हणून तुमच्याकडे आले. लंघन नको. मी आधीच..."

आणि गप्प.

"आधीच काय?" वैद्यानं विचारलं.

कोंब गप्प.

"अगं, बोल की. आधीच काय?"

पान हललं नाही. ओठाशी येऊन जेवढं अडलं होतं तेवढंच रुजलं होतं. बाकीचं तिच्याच जवळ होतं. आणि ती उठत नव्हती.

वैद्य कुणाच्या घरी जात नसे. त्या दिवशी तो तसाच गेला, छातीला चिखल, हातात एकच सुपारी, तीही टाकायची विसरून. खाडीच्या कडेला खारव्याची झोपडी. म्हातारी दारात बसली होती. वैद्याला बघून ती घाईघाईनं उठली आणि सवयीनं तोंडावर हात धरला. ते बघून वैद्याला कुठंतरी लागलं.

"आजी, तुम्ही जरा बाहेर बसता? मी तिच्याशी बोलतो."

पोर वाकळेवर पडली होती. हातांच्या नुसत्या काड्या. वैद्य शेजारी बसला. त्याचा हात आपोआप मनगटाकडे गेला, आणि तोंडही आपोआप सुरू झालं. "हे बघ, तुला लंघन सोसलेलं दिसत नाही. काही बायकांना सोसत नाही. आता असं कर, सकाळी..."

पोरीनं डोळे मिटले. वाकळेतून हात बाहेर काढला आणि तळवा वर करून पुढे धरला.

वैद्याला क्षणभर कळेना काय मागते. मग कळलं. ती सुपारी मागत होती. वैद्य आला म्हणजे तोंडात सुपारी धरायची. मरतानाही पोर रीत पाळत होती.

वैद्यानं हातातल्या सुपारीकडे बघितलं. हिरवी, ओली, मातीनं भरलेली. त्यानं ती उपरण्याला पुसली आणि स्वतःच्या तोंडात घातली.

पोरीनं डोळे उघडले. वैद्याचे गाल फुगलेले बघितले. इतक्या दिवसांत तिच्या ओठाच्या कोपऱ्यात पहिल्यांदा काहीतरी हललं.

वैद्य बसून राहिला. बाहेर भरती चढत होती, पाणी वाळूवर जिभल्या चाटत होतं. पोर कुडाकडे बघत होती. मग म्हणाली ते भलतंच. कुडाला भोक पडलंय, त्यातून गार लागतं. मग म्हणाली, काल एक कावळा दारात बसला होता. वैद्याच्या तोंडापर्यंत आलं की कावळ्याचं काय सांगतेस, आजाराचं सांग. शब्द सुपारीवर आपटून परत गेले. सुपारी तुरट, घशाला कोरड आणणारी. जबडा भरून आला. आपण लोकांच्या तोंडात इतकी वर्षं काय कोंबत होतो, ते वैद्याला तिथं कळलं.

"तो कावळा आमच्याकडचा भात खाऊन माजलाय," पोर म्हणाली. आणि मग थांबलीच नाही.

"हे गेले, त्यांची वेळ टळली, तेव्हा मी खाडीला नवस बोलले. त्यांचं शीड दिसेपर्यंत अन्न शिवणार नाही म्हटलं. आईंना सांगितलं नाही. त्यांना कळलं की मला काळजी वाटते, तर त्या खचतील. मी धीर धरलाय म्हणून त्या धरून आहेत. मी ताट घेऊन पाण्याकडे जायचे. वाट बघत बघत जेवते म्हणायचे. ताट पाखरांना घालायचे. मग चक्कर यायला लागली. मला भीती वाटली. तुमच्याकडे आले. म्हटलं, तुम्ही काहीतरी तोड काढाल. तुम्ही म्हणालात, लंघन कर."

वैद्याच्या तोंडात सुपारी नसती तर तो म्हणाला असता, वेडी आहेस का. किंवा म्हणाला असता, नवस मी सोडवून देतो. दोन्हीपैकी काही म्हणाला असता तरी पोर पुन्हा कुडाकडे वळली असती. सुपारी होती म्हणून तो नुसता बघत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तुरट सुपारीनंही येतं म्हणा.

ती बोलून रिकामी झाल्यावर त्यानं सुपारी काढली. आणि उपाय सांगायच्या ऐवजी विचारलं, "जाताना तो काय म्हणाला होता तुला?"

पोर आठवत राहिली. वैद्य घाई करीत नव्हता.

"म्हणाले," ती सावकाश बोलली, "मी येईपर्यंत चूल विझू देऊ नकोस. धुकं असलं की चुलीचा धूर वर चढतो, त्यावरून घर ओळखीन." बोलता बोलता तिनं चुलीकडे मान वळवली. चुलीत नुसती राख होती. म्हातारीच्यानं फुंकवत नव्हतं आणि सून पडून होती.

पोर त्या राखेकडे बघत राहिली.

"मी पडून राहिले तर धूर कुठून होणार," ती म्हणाली. वैद्याला नाही, स्वतःलाच. थोड्या वेळानं म्हणाली, "खाडीला बोलले ते बोलले. पण चूल विझू देणार नाही, असं त्यांना आधी बोलले होते." मग वैद्याकडे वळली. "थोडी पेज मिळेल का? अगदी पातळ."

वैद्य दाराकडे धावला. म्हातारी कुडाला कान लावून बसली होती, लपवायचं तिच्या मनातही आलं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?" वैद्यानं विचारलं.

"खाडीवरचे कावळे काय हवा खाऊन इतके फुगले होते?" म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "संशय होता. मी विचारलं तर पोर खोटं हसली असती. म्हणून तुमच्याकडे आले होते, बुवा. तेच सांगायला आले होते."

वैद्य आत वळला. तो चुलीपुढे बसला आणि फुंकणी घेऊन राख फुंकत राहिला, निखारा सापडेपर्यंत. पहिल्या दिवशी पेजेचं नुसतं पाणी दिलं, चमचा चमचा, आणि दर चमच्याला थांबून विचारलं, "सोसतंय का?" इतके दिवस उपाशी पोटाला एकदम भरवायचं नसतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. विद्या त्याच्याजवळ कधी कमी नव्हतीच.

पोर उठून बसली. मग उभी राहिली. धुक्यात त्या झोपडीचा धूर रोज सरळ वर चढू लागला. आणि त्या धुराच्या खुणेनं, डोलकाठी मोडलेलं एक गलबत वल्ही मारत मारत एका सकाळी खाडीत शिरलं.

वैद्यानं परडी उंबऱ्यावरून आत नेली आणि आपल्या बैठकीजवळ ठेवली. रोगी आला की तो एक सुपारी उचलायचा आणि आपल्या तोंडात धरायचा. लोक आधी बावरले. मग आजी वारली तिथून सुरुवात करू लागले. वैद्य ऐकायचा. पुष्कळदा आजी वारली तिथंच आजार सापडायचा. जुन्या रोग्यांना त्यानं एकेकाला पुन्हा बोलावलं, सुताराला, मध न मिळालेल्या माणसाला, रक्त पडणाऱ्या बाईला सगळ्यांत आधी. ज्याचं बोलून व्हायचं त्याची पोफळ परसात शांत व्हायची.

एक मात्र सांगायचं राहिलं. खारव्याच्या घरून तो घरी परतला, त्याच संध्याकाळची गोष्ट. बायको गोठ्यात होती. वैद्य तिच्यासमोर गवताच्या पेंढीवर जाऊन बसला. चिखलानं भरलेला, डोळे लाल. काही न बोलता त्यानं तोंडात सुपारी धरली आणि तिच्याकडे बघत राहिला.

"हे काय नवीन?" ती म्हणाली.

तो 'ऊं' म्हणाला.

बायकोनं त्याच्या फुगलेल्या गालांकडे बघितलं. मग दुधाचं भांडं बाजूला सारून त्याच्यासमोर बसली, पदर सावरला, आणि म्हणाली, "मी या घरात आले त्या दिवशी..."

म्हैस त्या संध्याकाळी एकटीच रवंथ करीत बसली. कान हलवायचं काम तिला उरलं नव्हतं.

तात्पर्य काढायचं तर एवढंच: दुखणाऱ्या माणसाचं निम्मं दुखणं त्याच्या ओठाशी अडलेलं असतं, औषध देणाऱ्यानं आधी आपलं तोंड मिटावं, म्हणजे त्याचं उघडेल.